पांढरी सहा

उजव्या हातात भाजीची पिशवी होती, एवढंच निमित्त. एरवी ती कधी डाव्या कानाला फोन लावत नसे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फोन वाजला, लेकीचा होता, पिशवी खाली ठेवली तर टोमॅटो घरंगळत तळमजला गाठणार हे नक्की, म्हणून तिने फोन डाव्या हाताने काढून डाव्या कानाला लावला आणि लेकीच्या फोनवरून कुणीतरी दुसरीच मुलगी बोलायला लागली. बोलणं सगळं लेकीचंच. आई, ती निळी फाइल कुठे ठेवलीस, आणि बाबांना विचारू नकोस, ते अख्खं कपाट उपसतील. पण आवाज असा, की लेकीला कुणीतरी चवड्यांवर उभं करून बोलायला लावलंय. "घसा बसलाय का गं तुझा?" तिने विचारलं. "घसा बसला की आवाज खाली जातो, आई. वर नाही. तूच शिकवलंयस." तिने पिशवी कठड्यावर टेकवली, पोटाने दाबून धरली आणि फोन उजव्या कानाकडे नेला. लेक. परत डावीकडे आणला. ती दुसरी. वरच्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन उतरत होते, ते भिंतीला चिकटून उभे राहिले, कारण समोरची बाई एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फोन फिरवत होती आणि पोटाशी पिशवीतला भोपळा धरून होती. "आई? ऐकतेयस ना?" दोन्ही मुली एकदम म्हणाल्या. दोघींत अर्ध्या स्वराचा फरक होता. नेमका अर्धा. हे तिला तिथल्या तिथे, जिन्यात कळलं, कारण असल्या गोष्टी कळणं हाच तिचा धंदा होता.

धंदा म्हणजे व्हायोलिन. चौघांचा त्यांचा संच: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोलिनची थोराड बहीण ती व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा तो चेलो, हे शाळाशाळांतून मुलांना सांगून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. ओळखीचे लोक त्यांना चांडाळचौकडी म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. पहिलं व्हायोलिन म्हणजे म्होरक्या, तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि आठपट खात्रीचा. चेलोवर बुवा, ऐसपैस अंगाचे, घाई नावाच्या गोष्टीशी ज्यांची कधी ओळखच झाली नव्हती. व्हायोलावर धाकटी, तीनच वर्षांपूर्वी आलेली. दुसरं व्हायोलिन ती. तिला कुणी नावाने हाक मारत नसे. काटा म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असतो, रबरावर आपटला की एकच स्वर देतो, थंडीत तोच, उन्हात तोच, तसा तिचा कान. इतर संच फोनमधलं यंत्र बघून तारा लावतात. इथे म्होरक्या नुसती हनुवटी उचलून म्हणे, "दे," आणि ती पांढरी सहा देई. पियानोवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा तो स्वर, पण आसपास कुठे पियानो नसताना, हवेतून काढलेला. तिघं आपापल्या तारा त्याच्याशी आणून भिडवत. दुसऱ्या व्हायोलिनकडे सूर मागायची पद्धत जगात कुठेच नाही, असं एक जण त्यांना म्हणाला होता. म्होरक्या त्याला म्हणाला, "जगाकडे काटा नाही, त्याला आम्ही काय करणार?" त्या रात्री तिने हे वाक्य नवऱ्याला तीनदा सांगितलं. नवरा नेहमीप्रमाणे काळ्या दुसऱ्या पट्टीत घोरत होता.

कानाच्या डॉक्टरने तिला काचेच्या खोलीत बसवून बारीक-बारीक शिट्ट्या ऐकवल्या. कागद बघून म्हणाला, "छान येतंय की ऐकू. वयाच्या मानाने फारच छान." ती म्हणाली, "छानच येतंय. दोन-दोन येतंय." मग त्याने कामधंदा विचारला, तो ऐकून हातातलं पेन खांद्यावर आडवं धरलं, आधी उजव्या, मग चुकल्यासारखं डाव्या, आणि म्हणाला, "या बाजूला ना?" या बाजूला. बत्तीस वर्षं, रोज चार-पाच तास, डाव्या कानापासून चार बोटांवर. नवऱ्यालासुद्धा तिने इतका वेळ कधी खांद्यावर डोकं ठेवू दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात सूज असेल, म्हणून डावा कान प्रत्येक आवाज थोडा चढा सांगतोय. उतरेल सूज. किंवा नाही उतरणार. "कधी कळेल?" "उतरली की." बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसली. समोरून बस गेली, तिने दोन भोंगे दिले.

सांगायला हवं होतं, तेव्हाच, हे तिला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे अण्णांचं आठवायचं. धाकटीच्या आधी व्हायोलावर अण्णा होते, सगळ्यांत वडील, डब्यात नेहमी चौघांना पुरेल एवढं आणणारे. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट थरथरायला लागलं आणि सूर निसटायला लागला. केसभर. बुवांना जाणवलं नव्हतं, म्होरक्याला जाणवून त्याने कानाआड केलं होतं. तिने नाही केलं. तालमीनंतर चहा चालू असताना तीच म्हणाली, "अण्णा, आता पुरे करा. खाली जाताय." किती सहज म्हणाली. चूक होतीच, आणि तिला ती ऐकू आली होती, मग न सांगणं म्हणजे फसवणूक, असं तिला तेव्हा स्वच्छ वाटलं होतं. अण्णांनी कप बशीत ठेवला. बशी काळी पाच वाजली. असलं काही मनुष्याने लक्षात ठेवू नये, पण तिच्या लक्षात राहायचं ते असलंच. तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. प्रत्येक भांडं ते टिचकी मारून घेत, बद्द वाजलं की निमूट बाजूला ठेवत. ती शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पातेल्याचा स्वर सांगायची आणि गिऱ्हाइकं कौतुक करायची. बाजूला ठेवलेल्या भांड्यांचं पुढे काय होतं, हे तिने वडिलांना कधी विचारलंच नाही.

म्हणून तीन आठवडे तिने निभावून नेलं. वाजवताना डाव्या कानात कापूस. सूर द्यायची वेळ आली की व्हायोलिन खांद्यावर न घेता मांडीवर उजवीकडे आडवं धरायचं, मान उजवीकडे वाकवायची, तारेला बोटाने छेडायचं, उजव्या कानाने ऐकायचं, आणि मगच द्यायचा. एकदाही चुकलं नाही. पुढच्या आठवड्यात शहरात ध्वनिमुद्रण होतं, नावाजलेल्या पियानोवादकाबरोबर, आदल्या दिवशी सूर लावून घेतलेल्या पियानोशी. तिथे तो पियानो कुणाची मान वाकडी आहे ते बघत बसणार नव्हता. त्याच्या आधी हे बेट. शाळेत दोन वर्ग, संध्याकाळी पाचला कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने परत. बोटीत इंजिनाची घरघर दोन पट्ट्यांत चालली होती आणि त्या दोन पट्ट्या एकमेकींवर घासून तिसरंच काहीतरी भुंगा होऊन डोक्यात फिरत होतं. धाकटीला लागली होती बोट. ती कठड्याला लटकून मध्येच म्हणाली, "ताई, तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?" "मला व्हायचं ते झालंय," ती म्हणाली, आणि बुवा हसले, कारण बुवा तिच्या कुठल्याही बोलण्याला हसत. चेलोला त्यांनी शेजारच्या बाकावर बसवून पट्ट्याने बांधलं होतं, वर स्वतःचा कोट पांघरला होता. तिकीटवाला दोनदा त्याच्यापुढे थांबून गेला.

शाळा म्हणजे एक लांबोडकी इमारत, समुद्राकडे पाठ करून बसलेली. दिवाणखान्याएवढं सभागृह, खिडक्यांच्या गजांवर मिठाचा पांढरा थर, कोपऱ्यात तपकिरी पियानो, त्याच्या झाकणावर दप्तरं. पियानोच्या बाई लहानखुऱ्या होत्या, भूगोल आणि गणितही त्याच शिकवत. "आधी पियानो शिकवते, मग गणित. उलट केलं की कुणी हसत नाही," म्हणाल्या. चाळीस-बेचाळीस मुलं जमिनीवर मांडी घालून. प्रश्न नेहमीचेच. चेलोच्या पोटात काय असतं? व्हायोलिनच्या गजाचे केस कुणाचे? तार तुटली तर रागावतात का? मग दोन वेण्यांची एक मुलगी तिच्याकडे बोट करून म्हणाली, "हे पहिले वाजवतात, ते मोठं वाजवतात, त्या ताई मधलं वाजवतात. मग मावशी काय करतात?" म्होरक्याला हवंच होतं हे. प्रत्येक शाळेत तो या जागी यायचाच. "मावशी?" त्याने डोळे मोठे केले. "ही मावशी नाही, नादकाटा आहे. काहीही वाजवा. ती पट्टी सांगेल, बाई पियानोवर वाजवून खरं-खोटं करतील." मुलांनी एकच गलका केला. वेण्यावाली पुढे आली, थांबली, वाकून बघत म्हणाली, "तुमच्या कानात काय गेलंय?" सगळी शाळा तिच्या कानाकडे बघायला लागली. "काही नाही, वारा लागतो," म्हणत तिने कापूस काढून मुठीत दाबला, आणि तेवढ्यात त्या पोरीने पाण्याची स्टीलची बाटली तिच्या डाव्या कानाशीच धरून फूटपट्टीने वाजवली.

"काळी दोन," ती म्हणाली. विचार करायला वेळच मिळाला नाही. बाईंनी काळी दोन दाबली. तंतोतंत. बाटली आणि पियानो जणू सख्खी भावंडं. पोरं हसली. मग शाळेची घंटा आली, दोघांनी मिळून उचलून आणलेली. "पांढरी पाच." बाईंनी दाबली, बरोबर. कंपासपेटीचं झाकण, खिडकीचा गज, कुणाचा तरी चष्म्याचा डबा, तो नुसताच बद्द वाजला आणि ती म्हणाली, "याला सूर नाही, याच्यात बिस्किटं आहेत," आणि खरंच होती. बरोबर, बरोबर, बरोबर. उजवा हात भिंतीशी, पोरं सगळी डावीकडून, आणि प्रत्येक स्वर डाव्या कानाने आणून तिच्या हातात ठेवलेला, पियानोने शिक्का मारलेला. तिच्या छातीत काहीतरी उलगडायला लागलं. तिने घंटा पुन्हा मागितली आणि हळूच मान फिरवून उजव्या कानाने ऐकली. अर्धा स्वर खाली. म्हणजे! म्हणजे डावा ठीक होता, बिघडला होता तो उजवा! डॉक्टरने पेनसुद्धा आधी उजव्याच खांद्यावर धरलं होतं. जिन्यातली ती दुसरी मुलगी, तीच तिची लेक असणार. आणि जिला ती लेक समजत आली ती खालच्या पट्टीतली कुणीतरी, सवयीची. व्हायोलिन डावीकडे असतं. डावा शाबूत असला की बाकीच्या जगाने कसंही वाजावं. पियानो काही खोटं बोलणार नव्हता. पियानोसुद्धा उतरतात, हे तिने शंभर शाळांत पाहिलं होतं, पण त्या घटकेला ते आठवायला नको होतं, म्हणून आठवलं नाही. तिने मुठीतला कापूस खिडकीतून बाहेर टाकून दिला. वाऱ्याने तो परत आत आणला, तिने पुन्हा टाकला.

मग मुलांचं शाळागीत, पियानोवर बाई आणि मागे चौघांचा भरणा. म्होरक्याने हनुवटी उचलली. "दे." तिने व्हायोलिन खांद्यावर घेतलं, किती दिवसांनी, ताठ मानेने, आणि गज टेकवला. तार चढी लागली. समुद्राची हवा, तिने स्वतःशी म्हटलं, आणि खुंटी सैल करत डाव्या कानाला पटेल तिथपर्यंत खाली आणली. दिली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. म्होरक्याने पाहिलं. "एवढं?" बुवा म्हणाले. "एवढंच," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात गेल्या तीन आठवड्यांत नसलेली मालकी होती. खुंट्या करकरल्या, तारा सैलावल्या, बाईंनी खात्रीसाठी पांढरी सहा दाबली आणि पाचही आवाज एकात एक मिसळून गेले. बुवांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा रे काटा! पियानो अर्धा स्वर उतरलेला, आणि ही न सांगता, न विचारता, बरोबर त्याच्यावर जाऊन बसली! आम्ही आपले वरच." म्होरक्या मुलांकडे वळला. "बघितलंत? पियानो चुकीचा आहे, हे हिला नुसतं ऐकून कळलं. हिने आम्हाला त्याच्यापर्यंत खाली आणलं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. वेण्यावाली नाही वाजवली. "आमचा पियानो चुकीचा नाहीये," ती म्हणाली. बाई हसून सांगायला लागल्या, की सात वर्षांमागे सूर लावणारा एकदाच आला होता, म्हणाला, जुन्या तारा, ताणल्या तर तुटतील, सगळाच सारखा खाली आणून ठेवतो, आपसात जुळलेला राहील. "इथे दुसरा पियानो आहे कुठे तुलना करायला? पोरं त्याच्यावरच वाढली." ती ऐकत होती. हातात गज होता. तिने कुणाला कुठे खाली आणलं नव्हतं. तिने खरी पांढरी सहा दिली होती. डावा कान अर्धा स्वर चढा, पियानो अर्धा स्वर उतरलेला, आणि दोन खोटी माणसं एकमेकांची साक्ष काढून तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली होती. शाळागीत सुरू झालं. बेचाळीस पोरं त्या खालच्या पट्टीत, छातीठोक, एकही जण न निसटता गात होती, आणि ती त्यांच्यामागे वाजवत होती, एका कानाला बरोबर, एका कानाला चूक, आणि कुठल्या कानाला कुठलं हे आता माहीत असून उपयोग नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत ती शाळेमागे गेली. तिथे मोडके बाक एकावर एक रचलेले होते, पाय वर करून. एकावर बसून तिने घड्याळ आधी डाव्या, मग उजव्या कानाशी नेलं. टिकटिकीला पट्टी नसते, दोन्हीकडे सारखीच वाजली, आणि त्या एवढ्याशा समेटाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मूर्खासारखं. पोरं अंगणात पकडापकडी खेळत होती. तिला राग यायला लागला, पण कुणाचा ते कळेना. डॉक्टरचा नाही, त्याने बिचाऱ्याने सांगितलंच होतं. कानाचाही नाही. ती ज्या सहजतेने अर्ध्या तासात उजव्या कानाला टाकून डाव्याकडे गेली, त्या सहजतेचा. तीन आठवडे ज्याने तिची अब्रू राखली, त्या उजव्याला तिने घंटेच्या एका ठोक्यावर नालायक ठरवलं होतं. अण्णांना ठरवलं तेव्हा निदान चहा तरी चालू होता. अण्णा आता काय करत असतील? कुणीतरी म्हणालं होतं, सोसायटीतल्या मुलांना शिकवतात, हात थरथरतो म्हणून नुसतं बोलून शिकवतात. ती कधी गेली नव्हती. जाणार होती, दोनदा तर चप्पल घातली होती. मग वाटलं, ते चहा देतील. आता हा उजवा तरी खरा कशावरून? डावा इतक्या गोडीने खोटं बोलू शकतो, तर उजव्याने फक्त अजून तोंड उघडलं नसेल. तिने गळ्यातल्या गळ्यात पांढरी सहा म्हणून पाहिली. आतून जी यायची ती, लहानपणापासून जी कुठूनही, तापातसुद्धा, बाळंतपणातसुद्धा आली होती, ती आली. आणि लगेच शेजारी दुसरी येऊन उभी राहिली, तेवढीच ठाम. दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

साडेचारला चौघं पाचवीच्या वर्गात बसले होते. कार्यक्रमाआधी कपडे बदलायला, पाणी प्यायला तोच वर्ग दिला होता. बाकं लहान मुलांची, त्यामुळे बुवांचे गुडघे हनुवटीला टेकत होते आणि काळ्या कोटातला म्होरक्या शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत होता. पलीकडे सभागृहात खुर्च्या सरकत होत्या, माणसं येत होती, सगळं बेटच येत असावं. "पहिल्या भागात पियानो नाही," म्होरक्या म्हणाला. "एवढ्या सैल तारांवर माझा आवाज लुळा पडतो. परत चढवू या, मुलांच्या गाण्याआधी उतरवू. काटा, दे. खरी दे आता." तिने व्हायोलिन मांडीवर घेतलं. मान उजवीकडे वाकवली. बोट तारेशी नेलं आणि तिथेच राहिलं. धाकटी केसांत पिन खोचता खोचता थांबली. "काय झालं?" म्होरक्या म्हणाला. "नाही देता येणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा डावा कान बिघडलाय. सगळं अर्धा स्वर चढं ऐकू येतं. सकाळी पियानोवर मी मुद्दाम नाही उतरले. मला वाटलं, खरीच देतेय."

"सकाळपासून बिघडलाय?"

"तीन आठवडे."

म्होरक्या उठला, बाक त्याच्या पायात अडकलं, तो परत बसला. "तीन आठवडे? आणि तीन आठवडे आम्ही तुझ्याकडून सूर घेतोय?"

"ते बरोबर होते. उजव्याने देत होते. मान वाकडी करून."

"तरीच," बुवा म्हणाले. "मला वाटलं, मान धरलीय तुझी. तेल सुचवणार होतो."

ती म्हणाली, "अण्णांना मी जे म्हणाले, ते मला म्हणा. तसंच म्हणा, चहा नसला तरी चालेल." खिडकीतून उन्हाचा तिरका पट्टा फळ्यावर पडला होता, फळ्यावर कुणीतरी सुबक अक्षरात आठाचा पाढा लिहिला होता. म्होरक्याने कोटाचं बटण लावलं, काढलं. "ते तू म्हणाली होतीस," तो म्हणाला. "आम्ही नव्हतो म्हणालो. मी तर अजून वर्षभर ओढलं असतं." मग खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता, "रेकॉर्डिंगचं मात्र मला बघायला लागेल. ते मी आत्ता काही बोलत नाही. बोललो तर वाईट बोलेन." "बोल ना." "नाही बोलणार. पंचवीस मिनिटांत वाजवायचंय." धाकटी पर्समध्ये हात घालून बसली होती. फोनमधलं यंत्र तिच्याकडे होतं, पहिल्या दिवसापासून होतं. घरी लपून वापरते, हे सांगायला तिला आजपर्यंत लाज वाटायची. तिने फोन काढला नाही. "वर कशाला जायचं?" ती म्हणाली. "इथल्या लोकांच्या कानात तोच सूर आहे. अख्खा कार्यक्रम त्यांच्याच पट्टीत करू या. बाई देतील." म्होरक्या म्हणाला, "माझा आवाज?" "लुळा पडू दे एक दिवस," बुवा म्हणाले आणि काट्याकडे वळले. "कुठला म्हणालीस? डावा?"

"डावा."

"म्हणजे मी." वाजवताना बुवा तिच्या डावीकडे बसायचे, वीस वर्षं. "तीन आठवडे मी तुला चढा ऐकू येतोय आणि तू ब्र काढला नाहीस? मी जन्मात कधी चढलो नाही."

"कापूस घालत होते."

"माझ्यामुळे कापूस!" बुवांना ते फार लागल्यासारखं झालं. ते भिंतीचा आधार घेत उभे राहिले, चेलो उचलला आणि वर्गाबाहेर गेले. थोड्या वेळाने सभागृहातून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, फरशीवरून, लांबलचक. म्होरक्या दारात गेला. "बुवा, काय करताय? आयत्या वेळी बैठक बदलतात का कुठे? गज आपटतील एकमेकांवर. मला तुमचा डावा हात दिसणार नाही." "तुला माझा डावा हात दिसून वीस वर्षांत काही फरक पडलेला नाही," बुवांचा आवाज आला. "तू पलीकडे बस. मी हिच्या उजव्या बाजूला येतो." समोर बसायला लागलेली माणसं हे सगळं कार्यक्रमाचाच भाग समजून शांतपणे बघत होती.

बाईंनी पांढरी सहा दिली. एकदा, मग पोरांना देतात तशी, जरा दमात घेऊन, पुन्हा एकदा. तिने ती घेतली. बत्तीस वर्षांत तिने कुणाकडून सूर घेतला नव्हता, आणि ते किती साधं काम आहे, लोक रोज करतात, याचं तिला नवल वाटलं. आवडलं नाही. पहिली दोन पानं सरळ गेली. बुवा उजवीकडून गरम, जाड आवाजात वाजत होते, त्यांच्या टाचेचा ठेका तिला फरशीतून जाणवत होता. डावीकडून म्होरक्या चढा येत होता, अर्धा स्वर, आणि आता कापूस नव्हता. तिसऱ्या पानावर संथ भाग आला. तिथे दुसऱ्या व्हायोलिनला एकच लांब स्वर धरायचा असतो, सोळा मात्रा, बाकीचे तिघं त्याच्याभोवती फिरतात. हा स्वर तिने हजारदा धरला होता, एकीकडे घरच्या गॅसचं, लेकीच्या परीक्षेचं, नवऱ्याच्या मोज्यांचं बघत. आता धरला आणि तिला कळेना. एका कानात बसलाय. दुसऱ्यात नाही. बोट तारेवर होतं तिथे आपण बरोबर आहोत की नाही, हे सांगणारं आत कुणीही नव्हतं. तिने मान वर केली. वाजवताना ती कधी कुणाकडे बघत नसे, गरजच नव्हती. समोर धाकटी होती, कपाळावर घाम, डावी भुवई वर गेलेली, बारीकशी, दात दुखतो तेव्हा जाते तशी. अण्णांनीही असंच तिच्याकडे बघितलं असेल का, पानावरून मान उचलून, सोळा-सोळा मात्रा, आणि ती नोटेशनमध्ये डोकं घालून बसलेली असेल? तिने बोट केसभर मागे घेतलं. भुवई तशीच. अजून केसभर. भुवई खाली आली. सुरात आलं म्हणून आली, की धाकटीने नुसता घाम झटकला, हे समजायला काही मार्ग नव्हता. तिने बोट तिथेच ठेवलं आणि धाकटीच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.